सपाट रस्ता

"मला ह्यांची गाडी बघायचीय," मामी म्हणाल्या.

इंजिनिअरला वाटलं, त्यांना अपघातातली मोडकी गाडी बघायची असेल. ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती आणि कुणालाही दाखवायची नाही, असं वरून बजावलेलं होतं. पण मामींनी बोट केलं ते त्याच्या कॉम्प्युटरकडे. "ह्यांनी चालवलेली गाडी त्याच्यात आहे म्हणे. हेच सांगायचे. मी मेलो तरी साहेब मला रोज कामाला लावतील, असं म्हणून हसायचे."

चाचणीच्या गाड्या चालवणारे मामा खाणीच्या रस्त्यावर नव्या स्प्रिंगची गाडी उलटून गेले, त्याला अकरा दिवस झाले होते. मामी त्यांच्या कपाटातले बूट आणि कपडे न्यायला आल्या होत्या. इंजिनिअरच्या टेबलावर चौकशीचा तीन पानी अहवाल पडला होता आणि चारच्या आत त्यावर त्याची सही हवी होती. वेग जास्त, ताबा सुटला, चूक चालकाची. मागची स्प्रिंग तुटली ती गाडी उलटल्यानंतर. समिती खाणीच्या रस्त्यावर पोचली तोवर खाणवाल्यांनी माती टाकून रस्ता सारखा केला होता. नवी स्प्रिंग कॉम्प्युटरवर पास झालेली होती, मग नापास व्हायला माणूसच उरला.

मामींना नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने खुर्ची पुढे केली.

"ही शेवटची फेरी नाही, मामी. सात महिन्यांपूर्वी मामांनी जुन्या, जाड स्प्रिंगवर त्याच रस्त्याने गाडी नेली होती. चाकं किती वरखाली झाली, ब्रेक कुठे दाबला, स्टिअरिंग कुठे फिरवलं, सगळी नोंद आहे. नवी स्प्रिंग आखली की आम्ही ती आधी इथे पळवून बघतो."

पडद्यावर राखाडी रस्ता आला. त्यावर चार चाकं, चार स्प्रिंगा आणि वर एक डबा. आत सीट नव्हती, माणूसही नव्हता. गाडी निघाली. वळण आलं आणि तिने ते लांबून, सावकाश घेतलं.

"हेच आहेत," मामी पुटपुटल्या. "मागे कुणीतरी झोपलंय असं समजून चालवायचे. स्कूटरवरसुद्धा."

इंजिनिअर पडद्याकडे नव्याने बघू लागला. इतके दिवस तो याला नुसती नोंद समजत होता.

सरळ रस्ता लागला. मध्येच गाडी हळू झाली, उजवीकडे सरकली, पुन्हा मधे आली आणि पुढे गेली.

"इथे काय होतं?"

"कुठे?"

"आत्ता. हळू केली, बाजूला घेतली. रस्ता तर सपाट दिसतोय."

त्या जागी मूळ नोंदीत चाकाला बसलेल्या धक्क्याचं एक उंच टोक होतं, एकच. ते ठेवलं की कॉम्प्युटरवर नवी, पातळ स्प्रिंग तुटायची. दर स्प्रिंगमागे तीनशे ग्रॅम वजन कमी करायचं होतं आणि या एका टोकापायी सगळं अडून बसलं होतं. चाकावरच्या यंत्राची चूक असेल, असं त्याने ठरवलं. तशा चुका होतातही. मामांना विचारायला एक मजला उतरायचा होता. ते खाली बाकावर चहा पीत बसलेले असायचे. तो उतरला नाही. मामा काय सांगतील याची त्याला भीती होती, हे त्याला आज कळत होतं. त्याने टोक पुसलं आणि स्प्रिंग पास झाली.

कुत्रं आडवं आलं असेल, हे शब्द अगदी त्याच्या ओठांवर आले होते.

"हे उगाच नाही वळायचे," मामी म्हणाल्या. त्या त्याच्याशी बोलतच नव्हत्या.

त्याने मूळ नोंद उघडली, तीच पातळ स्प्रिंग बसवली आणि गाडी सोडली. तेच वळण, तोच सरळ रस्ता. गाडी हळू झाली, उजवीकडे सरकली, आणि मागचं डावं चाक खाली गेलं. त्यावरची निळी स्प्रिंग लालभडक होऊन तुटली. सगळं जागच्या जागी थांबलं.

"खड्डा होता, मामी. मी काढून टाकला."

"खड्डा काढला?"

"इथला. खऱ्या रस्त्यावरचा तिथेच राहिला." त्याने तो अहवाल बाजूला सारला. "मामांची काही चूक नव्हती. माझी होती."

मामी रडल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःची शरम वाटत होती आणि ती लपवायला खोलीत कुठे जागा नव्हती. त्याने फोन उचलला.

"साहेब, मी सही करत नाही. तुम्ही खाली या. हो, आत्ताच. काय ते इथेच दाखवतो."

त्याने फोन ठेवला. मग मामींनी विचारलं, "तो खड्डा काढल्यावर किती वेळा चालवलीत ही गाडी?"

प्रत्येक फेरीला नंबर असतो. त्याने तो बघितला.

"तीनशे बारा."

"आणि दर वेळी हे तिथे वळले?"

"दर वेळी."

मामींनी पडद्यावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं.

"म्हणजे इतक्या वेळा सांगत होते की हो तुम्हाला."