इर्जिकीतला बैल

नवे हेडसर कॉम्प्युटर बंद करायला निघाले, तशी शाळेतली शिपाई कौसाबाई बटणांच्या बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"सुट्टी झाली, बाई. हा खटारा कशाला चालू ठेवलाय?"

"माझ्या लेकीला सिकलसेल आहे, सर. त्याच्या औषधाचं गणित जगभरची हजारो कॉम्प्युटरं वाटून घेऊन सोडवतायत. त्यातलं हे एक."

सर हसले. "या डबड्यानं काय उजेड पडणार?"

"आमच्याकडं इर्जिक असायची. एकाचं रान नांगरायला साऱ्या गावाची औतं यायची. माझा बाप लंगडा बैल न्यायचा. कुणी माघारी नाही धाडला."

सरांनी हात पुढे केला. कौसाबाई हलली नाही. पडद्यावर एकसष्ट टक्के झाले होते.

"अर्ध्या रानात औत सोडत नसतात, सर. तुम्हाला घाई असेल तर निघा. कुलूप मी लावते."