सांगणारा

"पुन्हा," पाळक प्रभाकर साळवे म्हणाले. "प्रश्न तिसरा. देवाची ओळख माणसाला कशी होते?"

ठमाबाईने पदर सावरला आणि छताकडे पाहिलं.

"सृष्टीतून..." त्यांनी सुरुवात करून दिली.

"सृष्टीतून," ती म्हणाली. "आणि... आणखी कशातून तरी."

"कशातून तरी नाही हो! सृष्टीतून, पवित्र शास्त्रातून आणि प्रभू येशू ख्रिस्तातून. तीन गोष्टी. सहा गुरुवार झाले, ठमाबाई. तीन गोष्टी राहत नाहीत डोक्यात?"

पनवेलच्या चर्चमागची ती खोली दुपारी तापली होती आणि वीज गेलेली. रविवारी बाप्तिस्मा, त्याआधी शनिवारी चर्चच्या पंचांपुढे परीक्षा. गेल्या वर्षी पंचांनी तिला परत पाठवलं होतं. बाईला काहीच सांगता येत नाही, कशासाठी येतेय कोण जाणे, असं म्हणाले होते. यंदाही तेच झालं तर पुन्हा वर्षभर थांबायचं. ती साठी उलटलेली, जासईहून एस्टीने येणारी. कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता अडवला की दोन दोन तास अडकायची. आजही उशिराच आली होती.

प्रभाकरांनी पुस्तिका टेबलावर टाकली. "पाठ होत नाही तर राहू दे. तुमच्या शब्दांत सांगा. तुम्हाला कशी झाली ओळख? काहीतरी घडलं असेलच ना?"

"तुमच्या बाई आल्या म्हणून झाली."

"कोण, वसुंधरा?"

"आमचा म्हातारा अंथरुणाला खिळला होता ना, काशिराम. पाठ सगळी सडलेली. वास येतो म्हणून लेक-सुना आत यायच्या नाय. बाई यायच्या मंगळवारी, शुक्रवारी. पाठ धुवायच्या, पट्टी बांधायच्या. म्हातारा त्यांना आयबहिणीवरून शिव्या द्यायचा. एकदा तर तांब्या फेकून मारला. तरी पुढच्या खेपेला हजर. मी बोलले, बाई, कशाला येता? तर बोलल्या, त्यानं सांगितलंय."

"बरं, मग?" प्रभाकरांनी घड्याळ पाहिलं.

"मला वाटलं, तुमी सांगितलंय."

त्यांनी मान वर केली.

"बाईमाणूस एवढं करते, म्हणजे घरवाल्यानंच सांगितलं असणार. दुसरं कोण सांगणार? मी गावभर बोलले, बाईंचा नवरा देवमाणूस हाय. मग एक दिवस तुमी आलात स्कूटर घेऊन. खाली पण उतरला नाय. रस्त्यावरनं हॉर्न वाजवलात आणि ओरडलात, घरी पंच येऊन बसलेत, तुला ह्या घाणीत हात घालायला कोणी सांगितलंय?"

प्रभाकरांना तो दिवस आठवला. पंचांना चहा द्यायला घरात कोणी नव्हतं. वसुंधरा हात पुसत बाहेर आली होती आणि स्कूटरवर मागे बसली होती.

"तवा मला समजलं," ठमाबाई म्हणाली, "सांगणारा तुमी नाय. दुसराच कोण तरी हाय."

बाहेरून रिक्षा गेली. प्रभाकरांनी उगाचच पुस्तिका सरळ करून ठेवली.

"मग तो कोण, ते तिला विचारलं नाहीत?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"विचारलं ना. म्हातारा गेला, त्याच्या बाराव्याला बाई आल्या होत्या, तवा विचारलं. बोलल्या, मला नीट सांगता येत नाय. आमच्या ह्यांना विचारा, त्यांना सगळं माहीत हाय. म्हणून तर येते तुमच्याकडं." ती खुर्चीत पुढे सरकली. आता तिच्याही आवाजात वैताग होता. "तुमी पाठ करायला लावता, मी करते. पण एकदा सांगा ना. तो कसा हाय?"

बावीस वर्षं प्रभाकर दर रविवारी उपदेश करत होते.

"देव," ते म्हणाले, "देव सर्वज्ञ आहे. सर्वव्यापी आहे. अनंत..."

बोलता बोलता त्यांचा हात पुस्तिकेकडे गेला.

ठमाबाई एकटक त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या मागोमाग एकेका शब्दाला ओठ हलवत होती.