दुसरा ओटीपी

बेबीनंदाचा ओटीपी लगेच आला. तिनं तो वाचून दाखवला आणि काम झालं असं समजून ती खुर्चीवरून उठायलाच लागली.

"बसा ताई," सेवा केंद्रातले अजमतभाई म्हणाले. "आता मालकाचा आधार नंबर सांगा. त्यांच्या मोबाइलवर पण एक ओटीपी येतो."

"त्यांचा कशाला? लाडक्या बहिणीचे पैसे तर माझ्या खात्यात येतेत."

"सरकारला घरची कमाई तपासायचीय. केवायसी न्हाई झाली तर हप्ता बंद."

तिनं नंबर सांगितला आणि मोबाइल हातात धरून नुसतीच बसली. बदनापूरच्या त्या गाळ्यात तिच्या मागं बायकांची रांग लागली होती. पोरगी, आकांक्षा, नर्सिंग शिकायला संभाजीनगरला गेली, त्या दिवसापासून कल्याण बेबीनंदाशी बोलत नव्हता. त्याचं न ऐकता तिनं पोरीला धाडलं होतं. नवरा-बायको एकाच घरात राहायचे. पाणी पाहिजे असलं की तो तांब्या आपटायचा, ती भरून ठेवायची. तेवढंच.

शेवटी तिनं फोन लावला. कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या मिलमध्ये ड्यूटीवर होता. मागं लोखंड दणाणत होतं.

"काय झालं? आई बरी हाय ना?"

"बऱ्या हायेत. तुमच्या मोबाइलवर नंबर आलाय. तेवढा सांगा."

"कशाचा?"

"लाडक्या बहिणीचा."

नंबर सांगायचा सोडून त्यानं विचारलं, "काय करती त्या पैशाचं?"

हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. तिला तेल म्हणता आलं असतं, गॅस म्हणता आलं असतं. सगळंच महागलं होतं, कशाचंही नाव खपलं असतं.

"पोरीच्या मेसला भरते," ती म्हणाली. "मेसवाल्यानं रेट वाढवला. हे पैसे बंद पडले तर तिला घरी आणावं लागल."

फोनमधला मिलचा दणदणाट हळूहळू लांब गेला. अजमतभाईंनी स्क्रीनकडं पाहून हळूच सांगितलं, "ताई, टाइम संपला. परत पाठवावा लागल."

"ऱ्हाऊ द्या भाई," म्हणत ती उठली.

"पाठवा म्हणावं," फोनमधून आवाज आला. "मी बाहेर येऊन उभा हाय."

दुसऱ्यांदा आलेला नंबर त्यानं एकेक आकडा करून, दमानं वाचला. अजमतभाईंनी बटण दाबलं. झालं.

बेबीनंदा पायऱ्या उतरून रस्त्यावर येते न येते तोच तिचा फोन वाजला.

"त्या मेसवाल्याला सांगून ठेव, पोरीला कारलं चालत न्हाई. ताट तसंच ठेवून उठल. कोनाला बोलायची बी न्हाई."

"तुम्हीच लावा की तिला फोन."

"मला कुठं टाइम? ड्यूटीवर हाय मी," कल्याण म्हणाला.

पण त्यानं फोन काही ठेवला नाही. बेबीनंदाही स्टँडकडं न जाता कडेच्या सावलीत सरकून उभी राहिली.