आत्याच्या तोंडचं नाव

पाळण्याचं गाणं संपलं आणि सगळ्यांच्या नजरा स्नेहलकडं वळल्या.

गाणं चालू होतं तोवर ठीक होतं. सगळ्या बायकांच्या आवाजात तिचाही आवाज सरळ वाहत होता. भगवान पार्श्वनाथांचं नावसुद्धा कुठं न अडता तोंडातून निघालं होतं. चारचौघींबरोबर म्हणताना ती कधीच अडखळत नसे. आता मात्र बायका गप्प झाल्या होत्या, आणि बोलायचं होतं ते तिला एकटीला.

"आत्याबाई, या की फुडं. कान टोचायचे न्हाईत, नाव सांगायचंय नुसतं," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

पाळण्यात धाकट्या भावाची, सम्मेदची लेक डोळे मिटून पडली होती. तिचं नाव ठरलं होतं, पार्श्वी. आदितीवहिनीची कूस याआधी दोनदा रिकामी झाली होती. या खेपेला तिनं नऊ महिने पार्श्वनाथांच्या नावाची माळ एक दिवस चुकवली नव्हती. काल संध्याकाळी सम्मेदनं आपल्या आक्काला, स्नेहलला, अंगणात बोलावून ते नाव सांगितलं. बारशापर्यंत ते तिघांतच राहायचं होतं. स्नेहल नुसती मान हलवून आत गेली होती.

'प' हाच तर तिचा वैरी होता. ओठ मिटायचे ते मिटूनच बसायचे. म्हणून ती ते अक्षर चुकवायची. वाक्य सुरू व्हायच्या आधीच पुढचा 'प' तिला आतल्या आत ऐकू यायचा, आणि तिथं पोचेपर्यंत दुसरा शब्द हाताशी तयार असायचा. देवळात ती पार्श्वनाथांना 'तेविसावे तीर्थंकर' म्हणे. बायकांना वाटे, पोरीचा अभ्यास दांडगा. बोलण्याच्या डॉक्टरांनी एकदा चित्रं दाखवून झटपट नावं घ्यायला लावली. पोपटाला ती राघू म्हणाली, पंख्याला फॅन. डॉक्टर हसून म्हणाले, "बाकीचे एक शब्द शोधतात, तेवढ्यात तुम्ही दोन शोधताय." तिचं अडखळणं सगळ्यांना दिसे. हे चुकवणं घरात कुणाला ठाऊक नाही, असं तिला वाटे.

पण नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा?

त्यात सकाळी घुगऱ्या शिजताना स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं होतं. कागलहून आलेली वहिनीची आई, शालूबाई, हळूच म्हणत होती, "पोरगी आत्याच्या वळणावर जातीय म्हणत्यात. पयलंच नाव अडखळत कानात गेलं तर लेकराच्या जिभंला बसंल. तुझ्या नणंदेला मी नावं ठेवत न्हाई, खरं दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे की नाव."

"आत्या त्याच हायत, आई," वहिनी एवढंच म्हणाली होती.

शालूबाईचा स्नेहलला राग आला नाही. तीच भीती तिच्याही उरात होती. रजा संपली की वहिनी गारगोटीच्या शाळेवर जाणार आणि पोर दिवसभर आपल्यापाशी राहणार. आपलं हे थबकणं त्या इवल्या कानात रोज पडत राहणार.

ती वाकली. नाव घेतलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, म्हणून बायकांनी हात उचलून धरले होते. लेकराच्या अंगाला दुधाचा वास येत होता. स्नेहलचे ओठ मिटले.

मिटलेच. मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणून झाला, ओठ हलले नाहीत.

"सांग की गं, लेकरू म्हातारं हुईल," मघाचाच आवाज म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. शालूबाईनं डोळे मिटून हात जोडले होते.

स्नेहलच्या डोक्यात नावं पळू लागली. ईशा. अन्वी. ओवी. नको, ती स्वतःला म्हणाली. हे नाव वहिनीनं माळ ओढून मिळवलंय. पण भ्यालेली जीभ कधीच पुढं निघून गेली होती.

"ओवी," ती कानात म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ओवी."

कुर्रर्र झालं. पाठीत धपाटे पडले. तिला एकही लागला नाही. आपण काय केलं ते तिला आत्ता कळत होतं. तिनं वर बघितलं. समोर सम्मेद भिंतीवरच्या पाटीपाशी गेला होता; नाव लिहून फुलांनी सजवलेली पाटी, वर रेशमी कापड. त्यानं कापडाचं टोक धरलं. त्याला थांबवायला तिनं हात उचलला.

कापड खाली आलं.

पाटी कोरी होती. ओल्या फडक्यानं पुसल्याची खूण तेवढी राहिली होती.

सम्मेदनं खिशातून खडू काढला आणि मोठ्या अक्षरात 'ओवी' लिहिलं. मग तिच्याजवळ येऊन हळू म्हणाला, "काल नाव सांगितलं तवा तुझे ओठ मिटले ते उघडलेच न्हाईत, आक्का. मी आत जाऊन हिला सांगितलं. हिनंच पुसली पाटी."

स्नेहलनं वहिनीकडं बघितलं. वहिनी लेकराची दुपटी सारखी करत होती.

"दिवसभर हाक तुम्हीच मारायची, आक्का," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात बसंल तेच तिचं नाव."