उतरंड

किल्लारीच्या भूकंपात गोजरबाईची थोरली लेक माळवदाच्या मातीच्या छपराखाली गाडली गेली. तेव्हापासून आखाडा बाळापूरच्या आपल्या माळवदाच्या घरात तिनं दारापाशी पितळी तांब्यांची उतरंड रचून ठेवली. जमीन जराशी हलली की आधी तांबे कोसळतील आणि पळायला सवड मिळेल, एवढाच तिचा हिशेब. पण दर खेपेला ती पाडायचं मांजर. भांडी वाजली की गोजरबाई नातीला उचलून अंगणात धावायची आणि मग दिवसभर घरात पाऊल टाकायची नाही.

शेवटी मुलगा विजयकुमार तिला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

"आजी, भांडी पडली तरी उठायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "जागेवरच बसून राहायचं. भीती येते, तशीच निघून जाते."

सुरुवातीला ती लटलट कापायची, तेव्हा सून शिला तिचा हात धरून बसायची. उन्हाळा लागेपर्यंत हात धरायची गरज उरली नाही. आई बरी झाली, असं विजयकुमार भेटेल त्याला सांगू लागला.

एका दुपारी गोजरबाई नातीला मांडीवर निजवून बसली होती. उतरंड खणखणत खाली आली.

"काय पडलं, आत्याबाई?" शिलानं चुलीपासून विचारलं.

"मांजर असंल. तू भाकरी कर," गोजरबाई म्हणाली. नातीला थोपटणारा तिचा हात थांबलासुद्धा नाही.

तिच्या पायाशी झोपलेलं मांजर मात्र ताडकन उठलं आणि अंगणात पळालं.