पाच चेंडू, सहा जोड बूट

गसनं चार चेंडू चार बुटांत टाकले आणि पाचवा हातात धरून तो कपडे बदलायच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला.

सराव-शिबिराची शेवटची सकाळ. ॲरिझोनाचं ऊन अजून कोवळं होतं आणि खेळाडूंपैकी कुणी आलेलं दिसत नव्हतं. आमच्या बेसबॉल क्लबात सामना सुरू करणारे पिचर, म्हणजे पहिल्यापासून चेंडू फेकणारे, कोण, हे तोंडानं सांगत नाहीत. मॅनेजर सगळ्यांच्या आधी येतो, पाच जणांच्या खिळ्यांच्या बुटांत एकेक चेंडू ठेवतो आणि निघून जातो. ज्याला चेंडू मिळाला, तो हंगामभर आपल्या पाळीला सामना सुरू करणार. ज्याचा बूट रिकामा, त्यानं तो मुकाट्यानं पायात घालायचा आणि समजून घ्यायचं. भांडायचं नाही, विचारायचं नाही.

दुसऱ्या क्लबांना एक धड पिचर मिळता मिळत नाही. आमच्याकडे यंदा सहा, आणि सहाही तगडे. गस हॅडलीसारखा नशीबवान मॅनेजर नाही, असं पेपरवाले लिहीत होते. त्यांचं काय जातंय लिहायला!

"घोडं कुठं अडलंय?" पिचरांचा प्रशिक्षक ओर्तेगा दारातून म्हणाला. त्याच्या हातात अर्धा खाल्लेला बरीटो होता. "पेगेरोला दे आणि मोकळा हो. पोरगा नुसता आग ओकतोय."

"पोरगा लहान आहे. खालच्या संघात अजून एक वर्ष काढलं तर मरत नाही."

"म्हणजे परत त्या खटारा बसमधून गावोगाव फिरवणार त्याला? अरे, अख्ख्या शिबिरात त्याच्यासारखा चेंडू कुणी टाकलाय? टिब्सनं?"

वेंडेल टिब्स हा क्लबातला सगळ्यांत जुना पिचर. गस नवा नवा मॅनेजर झाला आणि संघ हरतच सुटला, तेव्हा दुखऱ्या खांद्यानिशी याच टिब्सनं चेंडू मागून घेतला होता आणि गसची लाज राखली होती. आता त्याचा वेग उतरला होता. सगळ्यांना दिसत होतं, गसलाही दिसत होतं. पण चेंडू नाही म्हणजे टिब्सनं लांब कुंपणापाशी बुलपेनमध्ये बसायचं, राखीव पिचरांच्या बाकावर. सामना सुरू करणारा दमला तर उठायचं, नाहीतर सूर्यफुलाच्या बिया चघळत सामना बघायचा. टिब्सला तिथं बसवणं गसच्या अगदी जिवावर आलं होतं.

"टिब्सलाच देणार," तो म्हणाला. "मी इथं आहे तोवर त्याचा बूट रिकामा राहणार नाही."

"दे बाबा. मग पेगेरो येईल तेव्हा त्याचं तोंड बघायला तूच थांब. मी नाही थांबणार."

गस टिब्सच्या कपाटाशी गेला आणि खाली वाकला. तिथं बूट नव्हतेच.

मागून खट्खट् आवाज आला. खिळ्यांचे बूट घालून खोलीत चालायला सक्त मनाई, आणि या कारणावरून नव्या पोरांना फैलावर घेणारा टिब्सच. तोच आता खिळे वाजवत, कॉफीचा कप सांभाळत आला आणि आपल्या स्टुलावर बसला. नाड्या करकचून बांधलेल्या होत्या.

"काढ ते," गस म्हणाला.

"नाही काढत."

"वेंडेल, मी मॅनेजर म्हणून सांगतोय."

"म्हणूनच काढत नाही. गाढवा, मी काय तुला आज ओळखतो? बूट दिसला की तू त्यात चेंडू टाकणार. म्हणून तुझ्याआधी येऊन घालून बसलोय. पाय आखडले पार."

ओर्तेगाचा घास तोंडातच राहिला.

"बुलपेनमध्ये बसावं लागेल तुला," गस कसाबसा म्हणाला.

"बसेन. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस, काल बायकोपाशी रडून झालंय. पण त्या पोराचा चेंडू पाहिलास ना तू? माझ्या ऐन उमेदीतसुद्धा मला तसा जमला नाही. त्याला बसमध्ये घातलंस, तर याद राख, तुझं तोंड बघणार नाही मी."

गसनं नाक ओढलं. पेगेरोच्या बुटात चेंडू टाकला आणि मागे न बघता तो बाहेर पडला. ओर्तेगाला टिब्सला शाबास म्हणायचं होतं, पण त्यानं उरलेला बरीटोच त्याच्यापुढं धरला. अशा माणसाला शाबास म्हणणारे आपण कोण!

थोड्या वेळानं खोली भरली. पेगेरोनं बुटात हात घातला आणि तो जागच्या जागी उडालाच.

"म्हातारबा! अहो म्हातारबा, बघा, माझ्या बुटात!" टिब्सला हाक मारत तो ओरडला.

सगळे हसले. तोही हसत हसत इकडंतिकडं बघू लागला. चौघांच्या हातात चेंडू होते. टिब्सच्या हातात कॉफीचा रिकामा कप होता. पोराचं हसू मावळलं. तो हळूहळू टिब्ससमोर आला आणि त्यानं चेंडू पुढं केला.

"हा तुमचा. चुकून माझ्याकडे आलाय."

टिब्सनं आधी चेंडूकडे पाहिलं, मग पोराच्या बोटांकडे.

"चेंडू असा धरतात होय रे?" तो खेकसला, आणि पोराचं मधलं बोट उचलून त्यानं ते चेंडूच्या लाल शिवणीवर नीट बसवलं.