शुक्रवारचा निकाल

विस्कॉन्सिनमधल्या त्या बारच्या टीव्हीवर गावातल्याच खुनाचा माहितीपट चालू होता. आरोपी क्लेटन एकोणीस वर्षं तुरुंगात सडत होता, आणि त्याला दोषी ठरवणाऱ्या ज्यूरीत इथंच बसलेला ऑर्विलही होता.

"क्लेटनच्या मोज्यावरचं रक्त पोलिसांनीच लावलंय!" शेजारच्या वेंडेलनं टेबलावर हात आपटला.

"त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, ते रक्त काय लावणार?" मालकीण लॉर्ना फिसकन हसली. "आणि ज्यूरीनं शुक्रवारी वीस मिनिटांत निकाल दिला, म्हणजे पुरावा भक्कमच असणार. सांग ना रे यांना, ऑर्विल!"

ऑर्विल टीव्हीच्या वर टांगलेल्या हरणाच्या मुंडक्याकडे बघत राहिला.

&nbsp;

त्या वर्षी शिकारीचा हंगाम निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी पहाटे सुरू झाला, आणि हे हरीण त्यानं पावणेसातलाच टिपलं होतं.